पाच किलोमीटरांची हद्द

मराठवाड्याबाहेरच्या माणसाला परभणीची ओळख बहुधा एका यमकापुरती असते. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे कोणी हसत म्हणतो, ऐकणाराही हसतो, आणि त्या दोन स्थळांचे नेमके नाते काय हे विचारावयाचे राहून जाते. मीही ते कधी विचारले नव्हते. गेल्या ज्येष्ठाच्या उत्तरार्धात या जिल्ह्यात आठ दिवस हिंडण्याचा योग आला तेव्हा मनात निराळाच प्रश्न घोळत होता. फ्रान्सच्या सरकारने 2014 साली काही कंपन्यांतील नोकरदारांना सायकलीने कामावर येण्याबद्दल किलोमीटरमागे 25 सेंट देऊन पाहिले होते. इटलीतील बोलोन्या शहरात 2017 साली पायी वा सायकलीने फिरणाऱ्या नागरिकांच्या नावे गुण जमा होत आणि त्यांच्या बदल्यात आइस्क्रीमपासून बिअरपर्यंत जिन्नस मिळत. हे वाचल्यापासून मला असे वाटू लागले होते की, ज्या मुलखात माणूस पिढ्यान्‌पिढ्या पायीच चालत आला, तेथे त्याला चालते ठेवणारी गोष्ट कोणती होती आणि आज ती कोठे शिल्लक आहे, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावे.

प्रवासाचा आरंभ सेलूपासून झाला. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात घातला गेला, तेव्हा सेलू आणि मानवत येथील कापसाच्या गठ्ठ्यांना मुंबईची वाट सापडली आणि येथील पेठा भरभराटल्या. त्या भरभराटीच्या खुणा जुन्या वाड्यांच्या सागवानी खांबांवर अजून दिसतात. एका परिचितांनी आपली जुनी, मजबूत, चोवीस इंची सायकल माझ्या स्वाधीन केली आणि चेन उतरली तर कशी चढवावी याचा धडा, मी पन्नास वर्षांपूर्वीच तो शिकलो आहे याची पर्वा न करता, सविस्तर दिला. लहानपणी आम्ही तासाच्या भाड्याने सायकल आणीत असू व घड्याळाच्या धाकाने प्रत्येक मिनिट वसूल करीत असू. फुकट मिळालेल्या या वाहनावर बसताना तो धाक नाहीसा झाला होता, आणि त्यामुळे असेल, वालूरपर्यंतच्या वाटेत मी तीन वेळा उतरून झाडाखाली बसलो.

वालूरची बारव पाहावी म्हणून पुष्कळांनी सांगितले होते. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर एवढेच मनाशी धरून जो जाईल तो तेथे क्षणभर थबकतो. सामान्य बारवेत पायऱ्या सरळ खाली उतरतात. येथे त्या शंखाच्या वळणाने चक्राकार फिरत जलापर्यंत पोचतात, आणि वरून पाहणाऱ्यास दगडच हळूहळू फिरत आहे असा भास होतो. कित्येक वर्षे गाळाने आणि केरकचऱ्याने भरून गेलेली ही वास्तू गावकऱ्यांनी अंगमेहनतीने उपसून मोकळी केली. पुढे चारठाण्यालाही यादवकालीन मंदिरांच्या समूहात गोकुळेश्वराजवळ अशीच एक देखणी बारव आहे.

माझ्या प्रश्नाचे पहिले उत्तर मला त्या पायऱ्यांवर बसून मिळाले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पूर्वीच्या काळी वाटसरूच्या हातावर तू चाललास म्हणून कोणी दमडी ठेवीत नसे. परंतु राजे, सरदार, सावकार आणि पुष्कळदा एखादी विधवा बाई आपला द्रव्यसंचय बारव खोदण्यात, धर्मशाळा बांधण्यात, वाटेवर वड-चिंच लावण्यात किंवा उन्हाळ्याच्या चार महिन्यांसाठी पाणपोई चालविण्यात खर्ची घालीत, आणि पुण्य पदरात पडले असे मानीत. पुण्याचा लोभ दात्यास होता. चालणाऱ्यास लाभे ते पाणी, सावली आणि रात्रीचे छप्पर. आज आपण ज्याला प्रोत्साहन म्हणतो ते त्या काळी माणसाच्या खिशात न जाता वाटेवरच पडून असे, आणि ते उचलावयाचे तर वाटेने चालावेच लागे. ही व्यवस्था कोणी आखली नव्हती, तरी तिच्यातील हिशेब चोख होता.

चारठाण्याहून जिंतूर, आणि जिंतूरहून परभणीकडे वळणारा रस्ता. जिंतूरच्या भोवताली बालाघाटाच्या नव्हे तर अजिंठ्याच्या रांगेची शेवटची टेकाडे लागतात. नेमगिरीची जैन लेणी त्यांच्यातच आहेत, आणि पूर्णा नदीवरचे येलदरी धरणही याच तालुक्यात. लमाणांचे तांडे येथे पुष्कळ. हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा हिंदुस्थान पायी तुडविणारी ही जमात रेल्वे आणि पक्के रस्ते आल्यावर व्यवसायातून उठली आणि माळावर स्थिरावली. चालण्यावर पोट भरणाऱ्यांची मुले आज शाळेसाठी किती चालतात, हे पाहावयास म्हणून बोरीच्या अलीकडे मी मोठा रस्ता सोडून एका तांड्याकडे जाणारी शिवाराची वाट धरली. ती माझी चूक होती.

मृगाचा पाऊस पंधरा मिनिटे कोसळला आणि थांबला. काळ्या मातीचे वर्णन मी पुस्तकांत वाचले होते, भूगोलाच्या पेपरात ‘कापसाची काळी, ओलावा धरून ठेवणारी’ असे लिहून गुणही मिळविले होते. परंतु ती माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये कणकेसारखी भरून बसते, चाक फिरावयाचे थांबते, काडीने ती उकरावी तो दहा पावलांवर पुन्हा भरते, आणि अखेरीस ज्या वाहनावर बसून आपण आलो तेच वाहन खांद्यावर घेऊन आपल्याला चालावे लागते, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. माझ्या त्या अवस्थेकडे पाहून समोरून डोक्यावर गवताचा भारा घेऊन येणारी एक म्हातारी थांबली.

“कामून आणली सायकल इकडं, बापू?” तिने विचारले. “पाणी पडल्यावर माणूस अन् बैल, बस. तिसऱ्याचं काम न्हाई.”

तिच्या मागून सहा-सात मुली दप्तरे पाठीशी आणि चपला हातात घेऊन चिखल तुडवीत आल्या. सायकली त्यांच्याही होत्या, पण त्या फाट्यावरील एका हॉटेलवाल्याच्या छपराखाली उभ्या होत्या. पाऊस असला की तेथवर चालत जावयाचे आणि तेथून पुढे डांबरी रस्त्याने सायकलीवर शाळा गाठावयाची, असा त्यांचा पावसाळी रिवाज होता. हॉटेलवाला त्याबद्दल काही घेत नाही, असे त्यांच्यातील एकीने मला मुद्दाम सांगितले.

त्या सायकली आल्या कोठून, हे सांगावयास हवे. महाराष्ट्र शासनाने 2006 साली मानव विकासाचा म्हणून एक कार्यक्रम हाती घेतला, त्याचे मुख्य दप्तर औरंगाबादेस ठेवले, आणि पुढे 2011 पासून तो मागास ठरविलेल्या 125 तालुक्यांत विस्तारला. त्यातील एक कलम असे की, आठवी ते बारावीत शिकणाऱ्या ज्या गरजू मुलीचे घर शाळेपासून पाच किलोमीटरांच्या आत असेल तिला सायकलीसाठी रक्कम द्यावी. त्यापलीकडून येणाऱ्या मुलींसाठी एस. टी. च्या निळ्या बसगाड्या वेगळ्या ठेवाव्यात. ही रक्कम पूर्वी 3500 रुपये होती, ती 2022 साली 5000 झाली. ती देण्याची रीतही विचारपूर्वक ठरविलेली दिसते: 3500 रुपये अगोदर खात्यावर जमा होतात, आणि सायकल खरेदी करून पावती रुजू केली की उरलेले 1500. सरकारी मंजुरीच्या इतिहासात ‘पावती दाखवा’ हे दोन शब्द पुष्कळ योजनांचा गळा घोटतात. येथे मात्र त्यांनीच पैशाला बी-बियाण्यांच्या दुकानाकडे वळू दिलेले नाही.

पाच किलोमीटरांची ही हद्द माझ्या मनातून जाईना. शासनाने माणसाच्या पावलांची जी मोजदाद केली आहे ती एकत्र मांडली तर मौज वाटते. पाचवीपर्यंतच्या मुलाने एक किलोमीटर चालावे, आठवीपर्यंतच्याने तीन, हे शिक्षणहक्काच्या नियमांत आहे; रोजगार हमीच्या मजुरास पाच किलोमीटरांच्या आत काम द्यावे आणि त्याहून दूर धाडावे लागले तर मजुरीवर दहा टक्के अधिक द्यावेत, हे केंद्राच्या कायद्यात आहे. म्हणजे पाच किलोमीटरांपर्यंत चालणे हे कर्तव्य, आणि सहाव्यापासून त्याचा मोबदला. आमच्या आजोबांचा कोस साधारण तीन किलोमीटरांचा होता आणि दीड-दोन कोसांवरचे गाव ‘हे काय, इथेच’ या सदरात मोडत असे. बोरीच्या परिसरातील एका शिक्षकांनी या हद्दीवर जे भाष्य केले ते त्यांच्याच शब्दांत देतो: “पाचच्या आतलीला सायकल, पाचच्या बाहेरचीला बस, आणि मधल्या ओढ्याला कोणीच नाही. ओढ्याला पूर आला की दोघी घरी.”

तरीही या सायकलीने जे घडविले ते सामान्य नव्हे. बिहारने 2006 साली नववीतील मुलींना सायकलीसाठी 2000 रुपये देण्यास आरंभ केला, तेव्हा पैसे वाटून मते मिळविण्याचा हा प्रकार, असे म्हणणारे पुष्कळ होते. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडाशी ताडून पाहिले, तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुलींतील अंतर 40 टक्क्यांनी घटले असे आढळले. आणि ही वाढ विशेषकरून त्या गावांत होती जेथून शाळा तीन किलोमीटरांहून दूर होती. तीन किलोमीटर म्हणजे पुन्हा आमचा तो जुना कोस.

परभणी जिल्ह्यात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याविषयी लिहिताना लेखणी जड होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांचे लग्न अठरा पुरी होण्याआधी झाले होते अशांचे प्रमाण महाराष्ट्रात 22 टक्क्यांच्या घरात होते. परभणीत ते 48 होते. कारणे शोधावयास फार दूर जावे लागत नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाने आगाऊ दिलेल्या रकमेला ‘उचल’ म्हणतात, आणि नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’. एकट्या पुरुषाला उचल अर्धी, जोडीला पुरी. तेव्हा मुलगा हाताशी आला की त्याचे लग्न उरकून कोयता पुरा करण्याची घाई होते, आणि चौदा-पंधरा वर्षांची मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न तिचे हात पिवळे करून सोडविला जातो. माणसांना शेकडो मैल दूर नेणारे प्रोत्साहन हेही आहेच. गावातील त्याच घरापुढे एका बाजूने उचल येते आणि दुसऱ्या बाजूने सायकल, आणि त्या दोन रकमांची आपसांत जी ओढाताण चालते तिची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही.

आमच्या लहानपणी नवरदेवाच्या मागण्यांची यादी सायकल, घड्याळ आणि रेडिओ अशी असे. वधूपित्याने सायकल दिली नाही म्हणून मांडवात रुसलेले जावई मी पाहिले आहेत. जी वस्तू लग्नासाठी पुरुषाला द्यावी लागत होती तीच आज लग्न लांबावे म्हणून मुलीला दिली जाते, या उलटापालटीचे मला मोठे नवल वाटले. तांड्यावरील एका बापाला मी ते बोलून दाखविले, तर तो म्हणाला, “सायकल आली म्हणून शाळा राहिली, सर. अन् सायकल हाय तर सकाळी दूध घालायला तिचा भाऊ नेतो, ते बी खरं.” मुलगी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, “सातला परत आणतो. नाही आणली तर मी किल्ली देत नाही.” एकटीला आई पाठवीत नाही, सहाजणी मिळून निघतात, आणि एकीची सायकल बिघडली तर तिला कॅरियरवर घेतात, हेही तिने सांगितले. रक्कम वैयक्तिक आहे. परंतु तिने प्रत्यक्षात जी वस्तू विकत घेतली ती सोबत होय.

परभणी शहरात मी दोनच दिवस राहिलो. सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्यावर फेब्रुवारीत भरणाऱ्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक लोटतात; मी गेलो तेव्हा आवारात शांतता होती. पहाटे मात्र कृषी विद्यापीठाच्या विस्तीर्ण आवारातील रस्त्यांवर चालणाऱ्यांची रीघ लागलेली पाहिली. 1956 साली येथे कृषी महाविद्यालय निघाले, 1972 साली विद्यापीठ झाले, ज्वारीच्या ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ अशा जाती येथून शिवारांत गेल्या. डॉक्टरांनी सांगितले म्हणून चालणारे वकील, अडते आणि निवृत्त कारकून त्या झाडांखालून घड्याळ बघत झपाझप जात होते, आणि कुंपणाबाहेर त्याच वेळी डोक्यावर भाकरी बांधलेल्या बायका शेताकडे चालल्या होत्या. दोघांचे अंतर साधारण सारखेच भरले असते. 2011 च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात हे विचारले गेले, तेव्हा देशात त्या मोजणीतील सुमारे 23 टक्के लोक पायी आणि 13 टक्के सायकलीने जातात असे दिसले. मात्र तो प्रश्न शेतकरी आणि शेतमजूर यांना विचारलाच नव्हता. कुंपणाच्या आतील चालणे व्यायाम म्हणून गणले जाते. बाहेरचे गणतीतच नाही.

तिसऱ्या दिवशी त्रिधारेकडून शेगावच्या गजानन महाराजांची पालखी शहरात आली. शाळा उघडण्याचा आणि ही पालखी जिल्ह्यातून जाण्याचा काळ जवळजवळ एकच, हे मला माहीत नव्हते. सुमारे 700 वारकरी, पांढरे शुभ्र वेष, हातांत पताका, शिस्त अशी की लष्करी अधिकाऱ्याने पाहावी. शेगाव ते पंढरपूर 700 किलोमीटरांहून अधिक अंतर महिन्याभरात पायी तोडावयाचे, आणि परतीचाही प्रवास पायीच करावयाचा. पालखी दैठण्याकडे निघाली तेव्हा सायकल परभणीत ठेवून मीही मागोमाग चालू लागलो.

या वारकऱ्यांना चालण्याबद्दल कोण काय देतो? मी हा प्रश्न घेऊन दोन दिवस त्यांच्या बरोबरीने चाललो आणि उत्तर रस्त्याच्या दोन्ही कडांना मांडलेले सापडले. एका गावाने चहा, दुसऱ्याने पिठले-भाकरी, तिसऱ्याने केळी. कोठे पाय चेपून देण्यासाठी तरुण मुले सतरंजी टाकून बसलेली, कोठे एक न्हावी दिवसभर मोफत दाढी करीत असलेला. शेतात पेरणीची घाई असताना ही माणसे काम टाकून वाटेवर उभी होती आणि आपल्या हातचे घेतले नाही तर रुसत होती. माझ्यासारख्या उपऱ्यालाही “माउली, थांबा की” असा आग्रह झाला, आणि दर दोन मैलांवर कोणीतरी आपली वाट पाहत आहे ही जाणीव पायांना किती हलके करते, याचा अनुभव मी साठी उलटल्यावर प्रथमच घेतला. वालूरच्या बारवेतील हिशेब मला येथे चालत्या रूपात भेटला. फ्रान्सचे 25 सेंट घरी बसूनही मोजता येतात. दैठण्याचे पिठले दैठण्यास गेल्यावाचून मिळत नाही.

गंगाखेडला गोदावरी लागते. ही संत जनाबाईंची जन्मभूमी. दमा आणि करुंड या दांपत्याची ही मुलगी बापाच्या सोबतीने पंढरपुरास गेली आणि नामदेवांच्या घरी राहिली. तिचे दळण, कांडण आणि अभंग सर्व तेथले. तिच्या मंदिराशी पालखी विसावली तेव्हा संध्याकाळ झाली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे वारकरी परळीच्या दिशेने निघाले, आणि त्यांच्या मागे अर्ध्या तासाने त्याच रस्त्याने शाळेच्या मुली सायकलींवरून आल्या. रात्री उरलेली केळी एका गृहस्थाने त्यांच्या हातांवर ठेवली, तेव्हा त्यांनी ती न उतरता, एका हाताने हँडल धरून घेतली.

शेतरस्त्यांसाठी राज्याने 2021 साली मातोश्रींच्या नावे पाणंद रस्त्यांची योजना काढली आहे. मी ज्या तांड्याच्या वाटेने गेलो होतो ती वाट परतताना पुन्हा पाहिली. तिच्यावर अद्याप खडी पडलेली नव्हती. सायकलीच्या 5000 रुपयांत ती वाट होणार नाही हे उघड आहे, परंतु ती झाल्यावाचून ते 5000 रुपये वर्षातले चार महिने फाट्यावरील हॉटेलवाल्याच्या छपराखाली उभे राहणार, हेही तितकेच उघड आहे. वाचकांपैकी कोणास हा मुलूख सायकलीने पाहावयाचा असेल तर त्याने माघ-फाल्गुनात जावे. ज्येष्ठ-आषाढातच जाणे असेल तर डांबरी रस्ता सोडू नये, आणि पाऊस पडून गेल्यावर तीन दिवस काळ्या रानात सायकल घालू नये.